घंटीला घंटी

पुणतांब्याच्या स्टेशनरोडला लागून असलेल्या एका बोळात दोन घरे समोरासमोर उभी होती आणि त्यांच्यामध्ये, जेमतेम हात पोचेल इतक्या उंचीवरून, एक काळी तार गेलेली होती. नवख्या माणसाला ती टीव्हीच्या केबलची वाटे. बोळातली माणसे मात्र तिला ‘रंभाजींची लाईन’ म्हणत, आणि असे म्हणताना त्यांच्या तोंडावर हसू असले तरी उसाची मोळी डोक्यावर घेऊन जाणारी बाईसुद्धा त्या तारेखालून जाताना न चुकता मान वाकवी.

रंभाजी पगारे यांनी चौतीस वर्षे रेल्वेत केबिनमन म्हणून काढली होती. लिव्हर ओढून सिग्नल पाडायचे, गाडी गेली की पुन्हा आडवे करायचे, आणि गाडी सोडण्यापूर्वी पुढच्या स्टेशनाशी घंटीच्या ठोक्यांनी बोलून घ्यायचे, हे त्यांचे काम. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली तरी घड्याळाकडे न पाहता त्यांना वेळ सांगता येई. पत्नी साळूबाई वारल्यावर ते एकटेच राहत. सकाळची पॅसेंजर पाहायला स्टेशनावर जायचे, परसातल्या वांग्यांना पाणी घालायचे, संध्याकाळी बुद्धविहारात बसून चार म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, असा त्यांचा दिवस भरलेला असे.

त्या भरलेल्या दिवसाला शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये खिंडार पडले. सकाळी सातला न्हाणीत पाय घसरून ते पडले आणि अकरापर्यंत तिथेच पडून राहिले. अकराला समोरच्या भामाबाई, “दादा, आज पॅशिंजर लेट हाय का वो?” असे विचारायला आल्या आणि उत्तर न्हाणीतून आले. हाड मोडले नव्हते, पण रक्तातली साखर पार उतरली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी मुलगा नितीन पिंपरीहून आला. कारखान्यात सुपरवायझर होता, बोलणे मोजून-मापून करायचा.

“आप्पा, आता बास. तुम्ही माझ्याकडं चला.”

“तिथं मी काय करू?”

“काही करायचं नाही. आराम करायचा.”

“तू आन् सूनबाई रश्मी सकाळी कामाला जानार. तिसऱ्या मजल्यावर मी कडी लावून बसनार. आन् न्हाणी तुझ्याकडंबी हायच की, नितीन. घसरायचंच आसलं तर तिथंबी घसरीन.”

नितीन चिडला. बापाला असे एकटे सोडून गेलो तर कामावर मन लागत नाही, हे त्याला सांगायचे होते. त्याने सांगितले ते एवढेच, की लोक काय म्हणतील.

मार्ग काढला तो धाकट्या सीमाने. ती कोपरगावला टेलिफोन खात्यात टेक्निशियन होती. भावाबापाचे बोलणे ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, “दादा, आप्पा पडले हे खरं दुखणं नाहीये. ते पडलेले चार तास कुणाला कळलं नाही, हे दुखणं आहे. ते मी दुरुस्त करते.”

बरीच घासाघीस होऊन ठराव झाला. सीमाने यंत्र बसवायचे. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी असे तीन महिने पाहायचे. या तीन महिन्यांत एकदा जरी आप्पांची खबर वेळेवर आली नाही, तर आप्पांनी बिनबोभाट पिंपरीला यायचे.

“मंजूर,” रंभाजी म्हणाले. नोकरीत त्यांची खबर एकदाही चुकली नव्हती.

सीमाचे पहिले यंत्र साधे होते. रंभाजी साखरेची आणि रक्तदाबाची गोळी सकाळी साडेसहाला घेत. गोळ्यांच्या खणामागे तिने एक कळ बसवली आणि ती गजराच्या घड्याळाला जोडली. सातपर्यंत खण उघडला नाही, तर भामाबाईंच्या घरात घंटी वाजणार. खण उघडायचा म्हणजे माणूस उठलेला असणार, गोळीही घेतलेली असणार. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या आनंदात तिने बापाकडे पाहिले.

रंभाजींनी यंत्राभोवती एक फेरी मारली. “आन् तार उंदरानं कुरतडली तर?”

“तर… घंटी वाजणार नाही.”

“म्हंजे मी मेलो तरी भामाबाई म्हननार, घंटी न्हाई, समदं ठीक. हे उलटं झालं, पोरी. सिग्नलची तार तुटली तर त्याचा हात आपोआप आडवा हुतो. गाडी थांबती. बिघाड झाला की धोकाच दिसला पायजे. ठीक हाय हे दाखवायला मेहनत पडली पायजे.”

सीमाने घड्याळाला जोडलेली तार सोडवून घेतली. मग म्हणाली, “आप्पा, आमच्या कोर्सला हे शिकवायला तुम्ही हवे होतात.”

दुसरे यंत्र त्या नियमाने झाले. भामाबाईंच्या चुलीजवळच्या भिंतीवर एक हिरवा दिवा बसला. तो दिवसभर जळत राहायचा. सकाळी सहाला घड्याळ तो विझवायचे, आणि रंभाजींनी गोळीचा खण उघडला की तो पुन्हा लागायचा. सातपर्यंत लागला नाही, तर भामाबाईंनी किल्ली घेऊन समोर जायचे. रंभाजींच्या घरातही तसाच एक छोटा दिवा होता, म्हणजे समोर काय दिसते आहे ते त्यांनाही दिसावे.

भामाबाई शेतकऱ्याघरच्या. कारभारी नावाचा त्यांचा मुलगा बायकोमुलांसह मळ्यातल्या वस्तीवर राहायचा. गावातले घर आणि दोन शेळ्या त्या सांभाळायच्या. त्यांना हे काम मनापासून आवडले. पहिल्या सकाळी त्या पाच वाजल्यापासून दिव्यासमोर पाट टाकून बसल्या. सहाला दिवा विझला. सात वाजले, दिवा लागेना. तेव्हा भामाबाईंनी जो गलका केला त्याने अर्धा बोळ गोळा झाला. शिडी आली, पहार आली, कुणीतरी घोंगडी आणली. किल्ली हातात असल्याचा भामाबाईंनाच विसर पडला आणि माणसे दार उचकटायला लागली. दार आतून उघडले. रंभाजी अर्ध्या गालाला साबण लावून, हातात वस्तरा घेऊन उभे होते.

“काय झालं? कोन गेलं?”

“तुमी गेला!” भामाबाई म्हणाल्या.

लाईट गेली होती. आठवड्यातून तीन दिवस सकाळी ती जायचीच. ही गोष्ट गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होती, फक्त टेलिफोन खात्यातल्या टेक्निशियनच्या ध्यानात आली नव्हती. पुढच्या रविवारी सीमाने मोटारसायकलची बॅटरी आणून जोडली आणि तो बिघाड मिटला. नितीनने तो गोंधळ हिशेबात धरला नाही.

यंत्र पूर्ण झाले असे सीमाला वाटले. रंभाजींना वाटले नाही.

“दोनी घरांत घंटी पायजे. बटन दाबलं की समोर एक ठोका.”

“आप्पा, दिवा आहे ना! दिव्यावरून कळतंय, मग घंटी कशाला?”

“दिवा म्हंजे सिग्नल. पन पल्याड मानूस जागा हाय का, ते घंटीच सांगती. मी एक ठोका दिला आन् पुढच्या स्टेशनानं परत एक ठोका दिला न्हाई, तर माझ्यासाठी लाईन क्लिअर न्हाई. मग सिग्नल काय बी दाखवू दे.”

सीमाने दोन छोट्या पितळी घंट्या बसवल्या. बापाची हौस, असे ती मनात म्हणाली.

मग भामाबाईंचे शिक्षण सुरू झाले. दिवा लागला की सातच्या ठोक्याला त्यांनी एकदा बटण दाबायचे. रंभाजींनी एक ठोका परत द्यायचा. दोन ठोके म्हणजे चहाला या. तीन म्हणजे पॅसेंजर लेट आहे. आणि सहा ठोके म्हणजे धोका, हातातले काम टाकून पळत यायचे. दुसऱ्याच आठवड्यात सहा ठोके पडले. रंभाजी काठी घेऊन, एक चप्पल पायात आणि एक घरात, अशा अवस्थेत बोळ ओलांडून गेले. भामाबाई शांतपणे म्हणाल्या, “मांजर दुधात तोंड घालत हुतं. पळालं आता.”

“सहा ठोके मांजरासाठी नसत्यात, भामाबाई!”

“मग मांजराचे किती?”

रंभाजींनी विचार केला आणि मांजरासाठी चार ठोके मंजूर केले.

एरवी त्यांच्या शिकवणीत सवलत नव्हती. “दिवा लागलेला दिसला, पन ठोक्याला ठोका आला न्हाई, तर काय करनार?” असे ते अधूनमधून विचारीत. भामाबाई भाकरी थापता थापता उत्तर देत, “लाईन किलेर न्हाई. किल्ली घिऊन यनार. किती येळा इचारता वो, शाळामास्तरावानी!”

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. गोळ्या इतक्या नियमाने पोटात जाऊ लागल्या की रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. सीमाने हे फोनवर नितीनला सांगितले. नितीन म्हणाला, “जानेवारी जाऊ दे.”

जानेवारीत थंडी कडाक्याची पडली. शेवटच्या आठवड्यात, रविवारी नितीन आणि सीमा दोघे निकाल द्यायला येणार होते, त्याच्या आधीच्या मंगळवारी रंभाजींना ताप भरला. अंग ठणकू लागले. संध्याकाळी त्यांना जेवण गेले नाही. गोधडी पांघरून ते पलंगावर बसले आणि समोरच्या छोट्या हिरव्या दिव्याकडे पाहत राहिले.

सकाळी सातच्या आत उठता आले नाही तर? दिवा लागणार नाही. भामाबाई येतील, ते बरेच. पण मग ते रविवारी सांगावे लागेल. तीन महिन्यांतल्या एकोणनव्वद सकाळी मोजल्या जाणार नाहीत, ही एकच मोजली जाईल. आणि मग तिसरा मजला, लावलेली कडी आणि भिंत.

त्यांनी उठून गोळीचा खण बाहेर ओढला. मग तो आपोआप मिटू नये म्हणून कपाटातून सुतळीचा तुकडा काढला, एक टोक खणाच्या मुठीला आणि दुसरे भिंतीतल्या खिळ्याला बांधले. खण उघडाच राहिला, म्हणजे सहाला घड्याळाने कितीही प्रयत्न केला तरी दिवा विझणार नव्हता. सीमाच्या यंत्रातली ही फट त्यांना पहिल्याच आठवड्यात दिसली होती. तिला ती दाखवायची असे त्यांनी तेव्हाच ठरवले होते, आणि का कोण जाणे, दाखवली नव्हती.

गाठ मारताना त्यांना पुंजाराम आठवला. पुंजाराम हा त्यांचा जोडीदार केबिनमन, सख्ख्या भावासारखा. एका पावसाळ्यात सिग्नलचा हात नीट पडत नव्हता, दर गाडीला खटपट करावी लागे, म्हणून त्याने सिग्नलची तार ओढून खुंटीला बांधून ठेवली होती. हात रात्रंदिवस पडलेला, लाईन सदा मोकळी. अपघात काही झाला नाही. पण चौकशीला साहेब आले तेव्हा रंभाजींनी पाहिले ते सांगितले, आणि पुंजाराम सहा महिने सस्पेन्ड झाला. “काही झालं तर नव्हतं ना, रंभा?” एवढेच तो पुढे म्हणाला होता. रंभाजींचे उत्तर ठरलेले होते: सिग्नल बांधणारा माणूस गाडीशी खोटे बोलतो.

ताप आहे, म्हणून हे सगळे डोक्यात येते आहे, असे स्वतःला समजावून त्यांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

सकाळी जाग आली तेव्हा पावणेसात झाले होते. ताप उतरला होता, पण अंगात त्राण नव्हते. आधी सुतळी सोडावी आणि कुणाला कळायच्या आत सगळे सरळ करावे, या घाईने ते उठले, चार पावले टाकली आणि पाचव्या पावलाला पाय दुमडला. ओट्याचा आधार घेत ते सावकाश खाली बसले. पडले नाहीत, पण उठताही येईना. घाम सुटला, हात थरथरू लागले. साखर उतरल्याची ती खूण त्यांच्या ओळखीची होती. गुळाचा डबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला होता, घंटीचे बटण भिंतीवर होते, आणि दोन्ही चार हात दूर होते. डोळ्यांसमोर तेवढा तो छोटा दिवा होता, हिरवागार, निश्चिंत. समोरच्या घरात भामाबाईंनाही तो तसाच दिसत असणार. तीन महिने जे यंत्र खरे बोलत आले, त्याला त्यांनी स्वतःच्या हाताने खोटे बोलायला लावले होते, आणि ते मुकाट्याने बोलत होते.

सात वाजले. घंटीचा एक ठोका पडला.

सुतळी बांधताना तापात त्यांना या घंटीचा विसरच पडला होता. रंभाजींनी हात उचलला. तो ओट्याच्या कडेपर्यंतसुद्धा पोचला नाही. थोड्या वेळाने आणखी एक ठोका पडला, जरा जोरात दाबल्यासारखा. मग सगळे शांत झाले. भामाबाई दिवा बघतील आणि शेळ्या सोडायला जातील, असे त्यांना वाटले. त्यांचा दोष नाही, असेही वाटले.

कुलपात किल्ली फिरली.

“दादा! कुठं हायेत? आगं बया!” भामाबाई आत आल्या, त्यांनी एका नजरेत सारे पाहिले, आणि काही न विचारता ओट्यावरचा गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला. मग पाणी पाजले. मग आणखी एक खडा. स्वतःच्या घरून आणलेल्या अर्ध्या भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून भरवला. दहा मिनिटांनी रंभाजींच्या डोळ्यांत तरतरी आली, तसे त्या भिंतीला टेकून समोर बसल्या.

“दिवा तर लागलेला हुता,” रंभाजी हळूच म्हणाले. “तरी आलात?”

“सहाला इझलाच न्हाई, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग ठोका दिला. परत ठोका न्हाई. दुसरा दिला. न्हाई. तुमीच सांगितलं नव्हं, घंटीला घंटी न्हाई तर दिवा काय बी दाखवू दे?” एवढ्यात त्यांची नजर खणाकडे गेली. त्या उठल्या, जवळ जाऊन सुतळीला बोट लावले. “हे वो काय?”

रंभाजींनी मान खाली घातली. “सिग्नल बांधला.”

“का?”

त्यांनी सांगितले. भामाबाईंनी ऐकून घेतले. मग त्यांचा आवाज चढला.

“रोज सात वाजता मी भाकरी तव्यावर करपू देते, पन त्या दिव्याकडं बघते. आन् तुमी त्याला सुतळी बांधली! मला फशिवलं तुमी, दादा. पोरांना फशिवलं त्याचं काय वाटून घेऊ नका, पोरं आपलीच हायेत. पन मी?”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.” त्यांनी सुतळी सोडली, गुंडाळून कनवटीला लावली. जरा वेळाने त्यांचा राग निवळला. “जाऊ द्या. मी काय न्हाई सांगायची नितीनला. झालं ते तुमच्या-माझ्यात.” दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. “तुमच्यासाठी घंटी हाय, दिवा हाय, मी हाय. मी अशी पडले तर शेळ्या वरडतील, दुसरं कोन हाय?” त्या हसतच म्हणाल्या, आणि गेल्या.

रंभाजी त्यांच्या पाठीमागे कितीतरी वेळ पाहत राहिले. तीन महिने भामाबाईंनी रोज सातला बटण दाबले होते, आणि आपण उत्तर द्यायचे तेवढे दिले होते. त्या बाजूची खबर कुणी विचारायची, हे ठरवायचेच राहून गेले होते.

रविवारी नितीन आणि सीमा आले. भामाबाईंनी चहा आणला. नितीनने दिवा पाहिला, बॅटरी पाहिली, डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. बापाच्या चेहऱ्यावरचा उतरलेला रंग त्याने पाहिला नसेल असे नाही.

“बरं आप्पा,” तो शेवटी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटल्याचा भाव होता, “शब्द म्हणजे शब्द. तीन महिन्यांत एकदाही चूक नाही. राहा तुम्ही इथं.”

सीमाने टाळी वाजवली. भामाबाई कपबशा गोळा करू लागल्या. रंभाजींना गप्प बसायचे होते एवढेच. त्यांना हवे होते ते सगळे त्या क्षणी त्यांच्या ओंजळीत होते.

“थांब,” ते म्हणाले. “मंगळवारी रात्री मी सिग्नल बांधला हुता.”

आणि त्यांनी काहीही न वगळता सांगितले. ताप, सुतळी, खिळा, ओटा, गूळ. नितीनचा चेहरा उतरत गेला. सीमा उठून खणाजवळ गेली आणि तो दोन-तीनदा उघडून-मिटून पाहू लागली.

“म्हणजे आप्पा,” नितीन म्हणाला, “खबर आली नाही. ठरल्याप्रमाणं…”

“आली की!” कपबशा तशाच हातात धरून भामाबाई म्हणाल्या. “घंटी आली न्हाई, हीच खबर. साताला ठोका दिला, सात वाजून पाच मिंटांनी मी हितं हुते. ऑगस्टात चार घंटे पडून हुते, आता पाच मिंटं. आन् ऐक नितीन, तू यांना नेलंस तर माझ्या ठोक्याला ठोका कोन दिल? मलाबी दिवा पायजे, यांच्या घरात. सीमाला मी आजच सांगनार हुते. ब्लड-परेशर मलाबी हाय, गोळ्या मलाबी हायेत, आन् मी त्या इसरते. एक टेशन उचलून नेलं तर दुसऱ्यानं ठोका द्यायचा कुनाला?”

नितीन खिडकीशी गेला. खिडकीतून तारेवर बसलेल्या चिमण्यांकडे तो पाहत होता. आपण बापाला एकटा समजत होतो, हे त्याच्या ध्यानात आले असावे. निदान पुढे तो जे बोलला त्याचा सूर वेगळा होता. “आप्पा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं.”

“मला कळलं हुतं की.” रंभाजी ताठ बसले. “आता शिक्षा. सिग्नल बांधनाऱ्याला ड्युटीवर ठेवीत न्हाईत. पुंजाराम सहा महिने सस्पेन्ड हुता. मी म्हातारा मानूस, मला आठ दिवस. पिंपरीला येतो तुझ्याकडं. आठ दिवसांत सीमानं तो खन दुरुस्त करायचा, भामाबाईंची लाईन टाकायची. नवव्या दिवशी मी ड्युटीवर.”

“आठाचे पंधरा करा,” नितीन हसत म्हणाला. “रश्मीला सांगतो, कैदी येतोय म्हणून.”

“दहा. आन् वांग्यांना पानी भामाबाई घालतील.”

“मला इचारा तरी!” भामाबाई म्हणाल्या.

दहा दिवस पिंपरीत बरे गेले. रश्मीने त्यांना रोज सकाळी कॉलनीत फिरायला नेले, आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना रंभाजींनी घंटीचे ठोके समजावून सांगितले. तरी सातला त्यांचा हात आपोआप भिंतीकडे जाई.

अकराव्या दिवशी दुपारी ते पॅसेंजरने पुणतांब्याला उतरले. घरात सीमाची चिठ्ठी होती. खण आता सहाला मिटलेला असेल तरच यंत्र पुढे चालेल. उघडा राहिला तर दिवा विझून तसाच राहील. सुतळी बांधून उपयोग होणार नाही, असे तिने अधोरेखित केले होते. भामाबाईंची कळ मात्र गोळ्यांच्या डबीला बसवता आली नव्हती. ‘गोळी मी इसरन, मिसरी न्हाई’ असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा सीमाने एकच पेटी करून गोळ्या वर आणि मिसरीची डबी खाली ठेवली होती. गोळी उचलल्याशिवाय दात घासायला मिसरी मिळत नाही, आणि मिसरीवाचून भामाबाईंचा दिवस उगवत नाही.

भिंतीवर, त्यांच्या जुन्या छोट्या दिव्याशेजारी, दुसरा एक हिरवा दिवा जळत होता.

रंभाजींनी पिशवी खाली ठेवली, टोपी काढली आणि बटण एकदा दाबले. समोर ठोका पडल्याचा आवाज बोळातून ऐकू आला. त्यांनी वाट पाहिली. उत्तर नाही. दिवा हिरवा होता, ऊन स्वच्छ होते, शेळ्या दारात स्वस्थ रवंथ करीत होत्या. त्यांनी दुसऱ्यांदा दाबले. तरीही उत्तर नाही. या टोकाला उभे राहून वाट पाहणे कसे असते ते त्यांना पहिल्यांदाच कळत होते. भामाबाईंनी हे रोज केले, भाकरी करपू देऊन. त्यांनी खिळ्यावरची समोरच्या घराची नवी किल्ली घेतली, काठी घेतली आणि उंबरा ओलांडला.

पाठीमागे घंटीचा एक ठोका पडला. लगेच समोरच्या दारात भामाबाई दिसल्या. कोपरापर्यंत हात पिठाने माखलेले, बटणावरही पीठ लागलेले.

“आलात व्हय? हात पिठात हुता वो! दम म्हून न्हाई तुमाला.”

“नियमात पीठ न्हाई, भामाबाई,” रंभाजी बोळाच्या मध्यावर, तारेच्या बरोबर खाली उभे राहून म्हणाले. श्वास लागला होता, तरी ते हसत होते.

“मग मांजरासारखं घाला की नियमात,” त्या म्हणाल्या. “आन् हितवर आलाच हायेत तर दोन ठोके धरून चाला. चहा ठेवते.”